रिफंडचे पैसे: आले कुठून, लावायचे कुठे

श्रावण संपत आला की नोकरदार घरात दोन गोष्टी एकाच सुमारास येतात. एक गणपतीच्या खरेदीची यादी, दुसरा प्राप्तिकराच्या रिफंडचा मेसेज. विवरणपत्र भरायची नेहमीची मुदत ३१ जुलै. वेळेत भरणाऱ्यांचे पैसे ऑगस्टपासून खात्यात पडू लागतात, आणि पुढचे दोन-तीन महिने गौरी-गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळीचे. म्हणून रिफंडचं काय करायचं हा निर्णय बहुतेक घरांत कुणी घेत नाही; तो आपोआप होऊन जातो. दिवाळीनंतर विचारलं तर सांगताही येत नाही की ते अडतीस हजार गेले कुठे.

महिन्याच्या पगारातून मोठा टीव्ही घ्यायचा झाला तर घरात चार दिवस चर्चा होते. तोच टीव्ही रिफंडमधून अर्ध्या तासात घेतला जातो. रक्कम एकरकमी येते, अनपेक्षित वाटते आणि महिन्याच्या हिशेबात कुठे धरलेली नसते, म्हणून हात सैल सुटतो. वास्तविक तो तुमचाच पगार आहे, तुमच्याच ठेवीवरचं व्याज आहे. देय करापेक्षा जास्त कापलं गेलं आणि वर्ष-दीड वर्षाने परत आलं, इतकंच. या पैशाला पगाराचेच नियम लावावेत, बोनसचे नव्हेत, असं माझं मत आहे आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

खर्चाचा विचार करण्याआधी एक काम. रिफंडसोबत किंवा थोडं आधी आयकर विभागाच्या बंगळुरू केंद्राकडून ईमेलवर एक पत्रक येतं. लोक त्याला अजूनही ‘एकशे त्रेचाळीस-एकची नोटीस’ म्हणतात आणि नोटीस म्हटल्यावर घाबरून उघडत नाहीत. उघडा. पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. आत दोन रकाने असतात: तुम्ही दाखवलेले आकडे आणि विभागाने धरलेले आकडे. दोन्ही जुळले तर प्रश्न मिटला. रिफंड अपेक्षेपेक्षा कमी आला असेल तर कारण याच पत्रकात सापडतं. एखादी वजावट नाकारलेली असते, नाहीतर टीडीएसचा आकडा जुळलेला नसतो. कधी मागच्या एखाद्या वर्षाची थकबाकी या रिफंडमधून वळती करून घेतलेली असते. अशी वळती करण्याआधी विभाग कळवतो आणि उत्तर द्यायला २१ दिवस देतो. थकबाकी चुकीची असेल तर त्या मुदतीत पोर्टलवर हरकत नोंदवावी लागते. गप्प बसलात तर ती मान्य आहे असं धरलं जातं.

पत्रकात व्याजाचीही एक ओळ असते. परताव्यावर सरकार महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला सहा टक्के सरळ व्याज देतं. विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर ते १ एप्रिलपासून मोजलं जातं, उशिरा भरलं तर भरल्या तारखेपासून. रिफंडची रक्कम एकूण देय कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मात्र व्याज मिळत नाही. मूळ रिफंडवर कर नाही, कारण ते तुमचेच पैसे. त्यावरचं व्याज हे उत्पन्न आहे आणि पुढच्या वर्षी ‘इतर उत्पन्ना’त दाखवावं लागतं. विभागाच्या वार्षिक माहितीपत्रकात ते छापून येतं, आपण मात्र विसरतो. चाळीस हजारांवर पाच महिन्यांचं व्याज हजार रुपये. वेगळं लिहून ठेवा.

पैसे आलेच नाहीत तर आधी स्वतःच्या बाजूचं तपासा. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी केली का? पॅन-आधार जोडणी झाली आहे का? पोर्टलवर बँक खातं प्रमाणित आहे का, आणि खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळतं का? बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी कोड बदललेल्या खात्यांचे परतावे अडकून राहतात. खातं दुरुस्त करून पोर्टलवरूनच पुन्हा मागणी करता येते. ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, खालील लिंकवर खातं भरा’ असा मेसेज आला तर तो पुसून टाका. विभाग कधीच ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागत नाही किंवा फोनवर ॲप टाकायला सांगत नाही. चुकून काही भरलंच तर त्याच तासात १९३० वर फोन करा.

आता जरा अवघड गोष्ट. हा रिफंड खरोखर तुमचा आहे का?

गेल्या काही वर्षांत कंपन्यांच्या गेटबाहेर, शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर, औद्योगिक वसाहतींच्या चहाच्या टपऱ्यांवर ‘रिफंड काढून देतो’ म्हणणारे लोक फिरताना दिसतात. रिफंडच्या काही टक्के कमिशन त्यांचं. ते विवरणपत्रात न दिलेली राजकीय पक्षाची देणगी घालतात, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज दाखवतात, आई-वडिलांच्या नसलेल्या आजाराचा खर्च लावतात. रिफंड येतोही, कारण पहिली छाननी संगणक करतो. पण रिफंड आला म्हणजे दावा मान्य झाला असा त्याचा अर्थ होत नाही. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या दाव्यांसाठी देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली आणि त्याच सुमारास हजारो करदात्यांनी आपापले दावे मागे घेतले. सही कुणाची, ओटीपी कुणाचा, जबाबदारी कुणाची, याचं उत्तर एकच आहे: तुमची. कमिशन घेणारा तेव्हा फोन उचलत नाही. तुमच्या विवरणपत्रात असं काही घातलं गेल्याची शंका असेल तर त्या पैशाला हात लावू नका. मुदत असेल तर सुधारित विवरणपत्र, मुदत उलटली असेल तर जादा करासह अद्ययावत विवरणपत्र भरून मोकळे व्हा. त्यासाठी चांगल्या सीएची फी द्यावी लागली तरी हा या रिफंडचा सर्वांत योग्य खर्च ठरेल.

रिफंड स्वच्छ आहे असं धरून पुढे जाऊ. तो का आला, यावर तो कुठे लावायचा हे बरंचसं ठरतं.

समजा, तुम्ही स्वतंत्र काम करणारे आहात. डिझायनर, वास्तुविशारद, सल्लागार. वर्षाला बारा लाखांची बिलं केलीत आणि प्रत्येक कंपनीने दहा टक्के कापून पैसे दिले. कापले गेले एक लाख वीस हजार. अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीनुसार तुमचं उत्पन्न निम्मं, म्हणजे सहा लाख धरलं गेलं, आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य. सगळेच्या सगळे एक लाख वीस हजार परत. बघायला मोठी रक्कम, पण हे तुमच्या धंद्याचं खेळतं भांडवल आहे. वर्षभर तुम्ही त्याच्याविना लॅपटॉपचे हप्ते आणि ऑफिसचं भाडं भरलंत, कदाचित उसनवारीही केलीत. आधी ती उसनवारी फेडा. उरलेल्यातून ज्या महिन्यांत गिऱ्हाईक पैसे थकवतं त्या महिन्यांसाठी वेगळं खातं करा. उत्पन्न वाढत असेल तर १५ मार्चचा आगाऊ कर त्यातूनच जाईल. आणि कमी दराने करकपात व्हावी म्हणून आयकर अधिकाऱ्याकडून दाखला मिळतो, त्यासाठी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करा.

निवृत्तांचा रिफंड बहुधा मुदतठेवींवरचा असतो. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या बाबतीत एका बँकेतलं व्याज वर्षाला एक लाखाच्या वर, इतरांच्या बाबतीत पन्नास हजारांच्या वर गेलं तर बँक दहा टक्के कापते. हे व्याज म्हणजे त्यांच्या महिन्याच्या खर्चाचे पैसे. त्यामुळे रिफंड आल्यावर ‘बाबांना कुठे गुंतवायला सांगू?’ असं मुलं विचारतात तेव्हा माझं उत्तर असतं, कुठेच नको. त्यांच्या बचत खात्यात राहू द्या, औषधं आणि दाताच्या डॉक्टरांसाठी. दहा वर्षांच्या कुठल्याशा विमा योजनेत तर मुळीच नको. बँकेच्या काउंटरवर ‘काका, एक चांगली स्कीम आहे’ म्हणून जे पुढे सरकवलं जातं, ते कितीदा तरी हेच असतं.

शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांचं दुखणं वेगळं. जानेवारी-फेब्रुवारीत हिशेब करून दोन महिन्यांत वर्षभराचा कर कापला जातो, कागद वेळेत न दिल्यामुळे तो जास्तच कापला जातो. शिवाय थकबाकी. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी राज्याने पाच हप्त्यांत दिली. मागच्या वर्षांचा पगार एकाच वर्षी हातात आला तर करात सूट मागता येते, पण त्यासाठी विवरणपत्राआधी वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो भरलेल्यांना मोठा रिफंड आला. तसा पुन्हा दरवर्षी येणार नाही, म्हणून त्याच्या भरवशावर एखादा दरमहाचा हप्ता सुरू करणं हा धोक्याचा सौदा.

आता मुख्य प्रश्न. खासगी कंपनीतला पगारदार, चाळीस हजारांचा रिफंड, घरी दोन मुलं, गृहकर्ज, एखादं क्रेडिट कार्ड. पैसे कुठे?

कार्डाकडे आधी बघा. दर महिन्याला ‘किमान देय’ भरून बाकी पुढे ढकलत असाल तर दुसरा कुठलाही विचार करायची गरज नाही. बहुतेक कार्डांचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. चाळीस हजारांच्या थकबाकीवर महिन्याला १,४०० रुपये व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे २५२. महिन्याला १,६५२ रुपये नुसते जागेवर उभं राहायला. वर्षभर थकबाकी तेवढीच राहिली तर जवळजवळ वीस हजार. शिवाय जुनी बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुकानातून बाहेर पडल्यापासून मीटर चालू. हेच चाळीस हजार सात टक्क्यांनी मुदतठेवीत ठेवले तर वर्षाला मिळतील २,८००, आणि तेही करपात्र. एका हाताने वीस हजार द्यायचे, दुसऱ्याने अठ्ठावीसशे घ्यायचे आणि वर ‘आम्ही रिफंड गुंतवला’ म्हणायचं, असं करणारी सुशिक्षित घरं कमी नाहीत.

कार्ड नसेल तर पुढचा क्रम व्याजदराचा: मोबाइल ॲपवरून घेतलेलं झटपट कर्ज, वैयक्तिक कर्ज, पतसंस्थेचं कर्ज, सोनंतारण. यात दोन अपवाद मी मानतो. पतसंस्थेच्या कर्जाला सहकारी मित्र जामीन राहिलेला असेल आणि हप्ते थकले असतील, तर व्याज कमी असलं तरी ते आधी फेडा. वसुली त्याच्या पगारापर्यंत पोहोचते आणि मैत्री जाते. आणि घरातले दागिने तारण असतील तर मुदत तपासा. काही सोनंतारण कर्जांत मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम भरायचं असतं, आणि न भरल्यास लिलावाची नोटीस येते. किराणा दुकानाची आणि नातेवाइकांची उधारी बिनव्याजी असते म्हणून ती शेवटी ठेवायची, असं गणित सांगतं. हे गणित मला पटत नाही. मेहुण्याकडून घेतलेले दहा हजार दिवाळीआधी परत गेले तर दिवाळी सगळ्यांचीच बरी जाते.

महागडं कर्ज नसेल तर विचारा: उद्या पगार थांबला तर घर किती महिने चालेल? तीन महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर रिफंड तिथे जावा. त्याला व्याज किती, हा प्रश्न इथे दुय्यम. पैसा हवा त्या दिवशी मिळतो का, हा पहिला. महाराष्ट्रात हे वेगळं सांगावं लागू नये. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांवरही पैसे अडकायची वेळ आली. बँक सहकारी असो की राष्ट्रीयीकृत, ठेव विमा दर खातेदारामागे दर बँकेत पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागूच नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी गल्लीतल्या पतसंस्थेत अडीअडचणीचा पैसा ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. संचालक ओळखीचे आहेत, हे उत्तर नव्हे.

अडीअडचणीची सोय झाली असेल तर आरोग्य विम्याकडे वळा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. कंपनीचा गट विमा नोकरी आहे तोवरच. चाळिशीत स्वतःची पॉलिसी नसेल तर हा रिफंड तिचा पहिला वार्षिक हप्ता होऊ शकतो. असेल आणि रक्कम अपुरी वाटत असेल, तर वरची टॉप-अप पॉलिसी त्यामानाने स्वस्त पडते.

गृहकर्जात थोडे पैसे भरावेत का, हे मला सर्वांत जास्त विचारलं जातं. आकडे मांडून बघू. तीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता सुमारे २६,०३५. तीन वर्षांनंतर पन्नास हजार जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे आठ हप्ते वाचतात, म्हणजे दोन लाखांच्या वर. हे ऐकून माणूस हरखतो. थांबा. ते दोन लाख सोळा-सतरा वर्षांनी वाचणार आहेत. पन्नास हजार साडेआठ टक्क्यांनी तितकी वर्षं वाढले तर तेवढेच होतात. तुमचा खरा फायदा साडेआठ टक्के, त्याहून जास्त काही नाही. पण हे साडेआठ टक्के निश्चित आहेत आणि त्यावर कर नाही, आणि अशी मुदतठेव आज तुम्हाला कुणी देणार नाही. म्हणून नव्या करप्रणालीत असलेल्या माणसाला मी भरायला सांगतो. जुन्या प्रणालीत राहून गृहकर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट घेणाऱ्याचा फायदा कमी होतो, त्याने घाई करू नये. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व भरण्याचा दंड लावता येत नाही. बँकेला मात्र लेखी सांगा की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा, आणि नवं परतफेड वेळापत्रक हातात घेऊनच बाहेर पडा.

पीपीएफ, सुकन्या समृद्धी, म्युच्युअल फंड यांबद्दल थोडक्यात. पैसा दहा-पंधरा वर्षं लागणार नसेल तरच. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर थबकलेला आहे, पण व्याज करमुक्त आहे. तिथे पैसे महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भरा, कारण व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळतं. सहा तारखेला भरलेल्या चाळीस हजारांवर एका महिन्याचे सुमारे २३७ रुपये जातात. शेअर बाजारात एकदम चाळीस हजार घालण्यापेक्षा चालू एसआयपीत दहा महिने चार-चार हजारांची भर घाला. निदान झोप तरी लागेल.

दसऱ्याचं सोनं? घ्यायचंच तर वेढणी किंवा नाणं घ्या. दागिन्याची घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी जाऊन हातात किती सोनं राहतं, हे सराफाकडून पावतीवर वेगवेगळं लिहून घ्या आणि मग ठरवा. लग्नाच्या मुलीसाठी घेतलेला दागिना ही गरज असू शकते, पण तिला गुंतवणूक म्हणू नये.

आणि मौजेचं काय? ज्या घरात वर्षभर टोपीवाल्या हिशेबनिसासारखं राहतात त्या घरात रिफंडचा एखादा हिस्सा उडवायलाच हवा, नाहीतर तो चोरून उडवला जातो. दहावा, फार तर आठवा भाग बाजूला काढा आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारू नका. चाळीस हजारांतले चार-पाच हजार म्हणजे कोकणातल्या गावी गणपतीला जायची तिकिटं आणि वर आंबोळ्या. फक्त उरलेले पस्तीस हजार जिथे जायचे तिथे आधी पाठवा, मौज नंतर. उलट क्रमाने केलं तर उरलेले पस्तीस हजार उरत नाहीत.

शेवटचा मुद्दा पुढच्या वर्षाचा. मोठा रिफंड दरवर्षी येत असेल तर तुम्ही सरकारला वर्षभर बिनव्याजी पैसे वापरू देत आहात, कारण व्याज मोजायला सुरुवातच पुढच्या एप्रिलपासून होते. पगारदारांनी एप्रिलमध्ये कंपनीला करप्रणाली कोणती ते कळवावं आणि जुनी निवडली असेल तर भाडेपावत्या, विम्याच्या पावत्या, गृहकर्जाचा दाखला जानेवारीच्या मुदतीआधी द्यावा. मध्ये नोकरी बदलली असेल तर आधीच्या पगाराचा हिशेब नव्या कंपनीला सांगावा. साठीपुढच्या ज्यांचा एकूण कर शून्य येतो त्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दर वर्षी, प्रत्येक बँकेत, १५-एच म्हणून ओळखलं जाणारं स्वयंघोषणापत्र द्यावं. साठीच्या आतल्यांना तशी घोषणा करताना अट कडक आहे: कर शून्य असून चालत नाही, व्याजाचं उत्पन्नही मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असावं लागतं. सवलतीमुळे कर शून्य आहे म्हणून बिनदिक्कत सही करू नये.

कपात कमी झाली की दर महिन्याला तीन-साडेतीन हजार जास्त हातात येतील. ज्या महिन्यात ते यायला लागतील त्याच महिन्यात तेवढ्याच रकमेची आवर्ती ठेव सुरू करा, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख टाकून. हे तुमच्याच्याने होणार नाही, हातात आलेला पैसा हातात टिकत नाही, असं स्वतःबद्दल प्रामाणिकपणे वाटत असेल, तर कपात आहे तशी राहू द्या. सहा-सात टक्क्यांचं व्याज बुडेल, मुद्दल तरी वाचेल.